डबची सुरुवात आणि चार ट्रॅकवरचं मिक्सिंग: सांगलीतल्या श्रवणबैठकीसाठी माहिती हवी

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. विश्रामबागेतल्या एका छोट्या हॉलमध्ये डब या जमैकन प्रकारावर दोन तासांची श्रवणबैठक ठरते आहे. चाळीसेक माणसं असतील. काही शास्त्रीय संगीत ऐकणारी, काही साऊंडचा धंदा करणारी, बाकी कॉलेजची मुलं. रेगे म्हटलं की यातल्या बहुतेकांना बॉब मार्ले आठवतो आणि डब म्हणजे "रेगेला इको लावला की झालं" असं वाटतं. हा समज आधी दूर करायचा आहे.

मला दोन गोष्टी हव्यात. डब नेमका कुठून आणि का निघाला, हे खात्रीच्या माहितीसह सांगता आलं पाहिजे. आणि लोकांसमोर प्रत्यक्ष मिक्स करून दाखवायचं आहे. बारा चॅनेलचा ॲनालॉग मिक्सर, एक डिजिटल डिले (इकोचं) पेडल, चार आउटपुटचा इंटरफेस असलेला लॅपटॉप, १८ इंची बेसचे दोन खोके आणि दोन टॉप (वरच्या सुरांचे खोके) एवढं सामान मिळतंय. चार वेगळे ट्रॅक लॅपटॉपवरून चार चॅनेलला देता येतील. पुढची जोडणी कशी करावी? चुका कुठे होतात? कोणत्या रेकॉर्ड कोणत्या क्रमाने ऐकवाव्यात?

सातारी_बेस:
ताई, गायक-वादकांपासून सुरुवात करू नका. साऊंडवाल्यांपासून करा, तुमच्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना लगेच कळेल. गणेशोत्सवात आपल्याकडे दोन मंडळांची साऊंड चौकात समोरासमोर आली की जी ईर्ष्या पेटते, तीच किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकापासून वर्षभर पेटलेली असायची. तिथे खोके, ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड आणि माईकवाला मिळून एक साऊंड सिस्टीम व्हायची. मैदानात गर्दी ज्याच्याकडे वळेल त्याची दारूविक्री आणि तिकिटं. मग गर्दी खेचायला दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड हवी. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे साऊंडचे मालक स्वतःच निर्माते झाले ते त्यासाठीच.

अशी खास प्रत म्हणजे डबप्लेट. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर, त्यावर थेट कोरलेली एकच प्रत, बहुधा १० इंची. लॅकर मऊ असल्यामुळे काही डझन वेळा सुई फिरली की वरचे सूर बोथट होतात आणि खरखर वाढते. ती जपून ठेवण्याची वस्तूच नव्हती. या शनिवारच्या नाचासाठी कापायची, झिजली की नवी. इंजिनियरला एकाच गाण्याची वेगवेगळी रूपं करून बघायची मोकळीक मिळाली ती या स्वस्त, अल्पायुषी चकतीमुळे.

१९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउनचा साऊंडवाला रडी रेडवूड ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत प्लेट कापून घेत होता. पॅरागॉन्स या गायकत्रयीचं गाणं होतं. इंजिनियर बायरन स्मिथच्या हातून आवाजाचा ट्रॅक बंद राहिला आणि नुसतं वादन कोरलं गेलं. रेडवूडने ते तसंच नेलं. नाचात आधी गाणं वाजवलं, मग ही आवाज नसलेली प्लेट, आणि गर्दीने स्वतः गाणं म्हणायला सुरुवात केली. बैठकीत हा प्रसंग जरूर सांगा. आवाज काढल्यावर गाणं ऐकणाऱ्याच्या डोक्यात चालू राहतं, आणि पुढचा सगळा डब या एका गोष्टीवर उभा आहे.

त्यात पैशाचा भागही सोडू नका. वादकांना एका रिडिमचे, म्हणजे गाण्याखालच्या ड्रम-बेसच्या वादनाचे, पैसे एकदाच मिळायचे. ४५ आरपीएमच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला दुसरं गाणं टाकायचं तर दुसरा खर्च. त्यापेक्षा त्याच गाण्याचं आवाज काढलेलं रूप टाकलं की काम फुकटात. त्याला 'व्हर्जन' म्हणत, आणि १९७० नंतर मागची बाजू म्हणजे व्हर्जन हा रिवाजच झाला. त्याच रिडिमवर दुसरा गायक, तिसरा गायक, मग माईकवाला. यू-रॉयने १९७० मध्ये ट्रेझर आयलच्या जुन्या रिडिमवर बोलून रेकॉर्ड केली आणि त्या गाजल्या. मूळ गायकाची एखादी ओळ मध्येच येते, ती गेली की यू-रॉय तिला उत्तर देतो. व्हर्जनमध्ये मोकळी जागा का ठेवायची हे त्यातून सगळ्यांना उमगलं. जमैकाचा आजचा कॉपीराइट कायदा १९९३ चा आहे. त्याआधी रिडिमच्या या फेरवापराला आडकाठी करणारं कुणी फारसं नव्हतं, आणि मूळ वादकांच्या हाती त्यातून काही पडलंही नाही. हे सांगितल्याशिवाय डबचं कौतुक पुरं होत नाही.

आता किंग टबी. खरं नाव ऑस्बोर्न रडक, जन्म १९४१. धंदा रेडिओ दुरुस्ती आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं. आपल्याकडे गावोगाव रिवाइंडिंगची दुकानं आहेत, त्याच जातीचं काम. त्याची होम टाउन हाय-फाय नावाची साऊंड होती, यू-रॉय तिचाच माईकवाला. वॉटरहाऊस भागात १८, ड्रोमिली अव्हेन्यू या घरात त्याने स्टुडिओ केला. डायनॅमिक साऊंड्स स्टुडिओने मोडीत काढलेला एमसीआयचा मिक्सर त्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतला. तिथे अख्खा वाद्यवृंद बसेल एवढी जागाच नव्हती. रेकॉर्डिंग व्हायचं ते फक्त आवाजाचं. निर्माते चॅनेल वन, रँडीज, हॅरी जे अशा ठिकाणी मुद्रित केलेली टेप घेऊन यायचे आणि टबी ती मिक्स करायचा. म्हणजे वाजवण्यात त्याचा हात नसायचा. हातात यायचे ते फक्त चार ट्रॅक: एकावर ड्रम, एकावर बेस, एकावर गिटार-ऑर्गन-पियानो मिळून, आणि एकावर आवाज किंवा ब्रास. गिटार ठेवून पियानो काढायचा म्हटलं तरी जमत नसे, कारण दोघं एकाच ट्रॅकवर. म्हणून डबमध्ये वाद्यं अशी गठ्ठ्यागठ्ठ्याने जातात आणि येतात.

नॉर्थ_परेड:
वरची माहिती बरोबर आहे, पण सगळं श्रेय टबीच्या पदरात पडतंय. बैठकीत एरल थॉम्प्सनचं नाव यायलाच हवं. किंग्स्टनच्या नॉर्थ परेडवर रँडीज रेकॉर्डच्या दुकानाच्या वर स्टुडिओ १७ होता, थॉम्प्सन तिथला इंजिनियर. निर्माता क्लाइव्ह चिनबरोबर त्याने केलेलं काम टबीच्या बरोबरीने, काही बाबतीत आधी सुरू झालेलं आहे. त्याचा हात ओळखता येतो. इको कमी, आणि ट्रॅक सुरी फिरवल्यासारखे बंद-चालू. पुढे निर्माता जो गिब्जकडे गेल्यावर त्याने दारावरची घंटा, टेलिफोन असले आवाजही घातले. ते मला स्वतःला भरकटल्यासारखे वाटतात, पण गर्दीला आवडले हे खरं.

पहिला डब अल्बम कोणता, यावर कुणी विचारलं तर एका नावावर अडून बसू नका. १९७३ च्या आसपास हर्मन चिन-लॉयचा 'ॲक्वेरियस डब', चिन आणि थॉम्प्सनचा 'जावा जावा जावा जावा', निर्माता ली पेरीने टबीबरोबर केलेला 'ब्लॅकबोर्ड जंगल डब' असे बरेच अल्बम एकापाठोपाठ आले. त्या काळच्या छोट्या छपाया, कोऱ्या लेबलच्या प्रती, तारखेचा पत्ता नाही. मानकरी ठरवण्यापेक्षा एकाच वर्षात इतके जण एकाच गोष्टीकडे का वळले ते सांगितलंत तर जास्त उपयोग. व्हर्जनला दोन-तीन वर्षांत एवढा ग्राहक तयार झाला होता की नुसत्या मागच्या बाजूंचा अल्बम खपेल अशी निर्मात्यांना खात्री वाटायला लागली.

पेरीसाठी वेगळी दहा मिनिटं ठेवा. त्याने १९७३ च्या शेवटाकडे वॉशिंग्टन गार्डन्समधल्या घरामागे ब्लॅक आर्क स्टुडिओ काढला. तिथे टीॲकचं पाव इंची टेपवरचं चार ट्रॅकचं यंत्र होतं. चार भरले की ते एकत्र करून मोकळ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि पुन्हा वर भरायचं. दर उताऱ्यात टेपची सळसळ वाढते, वरचे सूर मऊ पडतात. त्यावर म्यू-ट्रॉनचा फेझर (आवाज भोवऱ्यासारखा फिरवणारं यंत्र) आणि रोलँडचा स्पेस इको (टेपवरच्या इकोचं यंत्र). त्याच्या १९७६-७७ च्या कामात सगळं धुक्यातून आल्यासारखं वाटतं ते या उताऱ्यांमुळे. टबीकडे तयार टेप यायची, त्यामुळे त्याचा आवाज कोरडा आणि रेखीव राहिला.

चौथा_ट्रॅक:
जोडणीचं मी लिहितो. सावकाश वाचा, कारण एक नॉब चुकला तर हॉलभर शिट्टी वाजेल.

लॅपटॉपचे चार आउटपुट मिक्सरच्या १ ते ४ चॅनेलला: १ ड्रम, २ बेस, ३ गिटार-ऑर्गन, ४ आवाज. ऑक्स म्हणजे चॅनेलमधला आवाज बाहेरच्या यंत्राकडे वळवणारा आउटपुट. मिक्सरवरचा फेडरनंतरचा (पातळीच्या सरकत्या बटणानंतरचा) ऑक्स, म्हणजे पोस्ट-फेडर, तो पेडलच्या इनपुटला द्या. पेडलचा आउटपुट ऑक्स रिटर्नला न देता साध्या चॅनेलला द्या, ११ नंबर धरू. सगळी गंमत या अकराव्या चॅनेलवर आहे.

पेडलवर मूळ आवाज पूर्ण बंद करा, फक्त इकोच बाहेर यायला हवा. फीडबॅक किंवा रिपीट शून्यावर ठेवा, म्हणजे पेडल एकदाच उत्तर देईल. पुढची उत्तरं मिक्सरवर तयार करायची: अकराव्या चॅनेलचा ऑक्स नॉब हळूहळू वाढवला की इको पुन्हा पेडलमध्ये जातो, परत येतो, पुन्हा जातो. एवढा उपद्व्याप अशासाठी की टेपवरच्या इकोचं प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा मळकं आणि बारीक होत जातं. स्वस्त डिजिटल पेडलची उत्तरं सगळी एकसारखी चकचकीत येतात आणि मूळ ठेक्याच्या अंगावर बसतात. अकराव्या चॅनेलवर हाय ६ डेसिबलने कमी केलात आणि लो पूर्ण खाली घेतलात, तर पहिलं उत्तर ६ डेसिबलने मंद होतं, दुसरं १२, तिसरं १८. दर फेरीला आवाज त्याच इक्वलायझरमधून जातो ना. पेडलच्या आतल्या फीडबॅकवर हे घडत नाही, तिथे इक्वलायझर एकदाच लागतो.

इथे दोन धोके आहेत. अकराव्यावर इक्वलायझरचा कुठलाही पट्टा (लो, मिड, हाय) वाढवू नका. वाढवलेला पट्टा दर फेरीला फुगतो आणि तीन-चार सेकंदांत घूं करून सगळं गिळतो. आणि एक बोट कायम अकराव्याच्या फेडरवर ठेवा. ऑक्स फेडरनंतरचा असल्यामुळे फेडर खाली ओढला की ऐकू येणारा इको आणि फिरणारी फेरी दोन्ही एकदम मरतात. ऑक्स प्री-फेडर असेल तर फेडर ओढूनही फेरी आत चालूच राहते, वर घेतलात की भडका. आधी मिक्सरवर ते बटण तपासा.

मिक्सरचा ऑक्स लाइन पातळीचा असतो, गिटारच्या पेडलला तेवढा जोर झेपत नाही, इको फाटतो. ऑक्सचा मास्टर नॉब निम्म्याखाली ठेवा आणि अकराव्याच्या गेनने भरून काढा. पेडलचा ॲडॅप्टर स्वस्तातला असेल तर त्याच्या गुणगुणीचाही इको होतो, बॅटरीवर चालवलेलं बरं.

वेळ कशी लावायची: ६०,००० ला टेम्पोने (मिनिटाला किती मात्रा) भागा. ७५ च्या टेम्पोला एक मात्रा ८०० मिलिसेकंद, अर्धी ४००, पाऊण ६००. सुरुवात ६०० वर करा, इकोची उत्तरं ठेक्याच्या मधल्या जागांत पडतात. पण फार काटेकोर राहू नका. टबीच्या काळी टेप यंत्राच्या रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमधल्या अंतरावर इको ठरायचा. अंतर ५ सेंटिमीटर आणि टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर असेल तर साधारण २६३ मिलिसेकंद, वेग दुप्पट केला तर निम्मे. गाण्याच्या टेम्पोशी ते नेमकं जुळायचं नाही, म्हणून त्या इकोला एक ओढ असते. जुन्या मुद्रणांत क्लिक नसल्यामुळे टेम्पोही सरकतो, मध्येच टॅप करून वेळ पुन्हा लावावी लागते.

आता हात कसे चालवायचे ते. गाणं चार आवर्तनं साधं जाऊ द्या. आवाजाच्या ओळीचा शेवटचा शब्द येण्याच्या जरा आधी चौथ्याचा ऑक्स उघडा, शब्द संपताच चौथा आणि तिसरा दोन्ही म्यूट. इकोची शेपटी अकराव्यावर चालू राहते, खाली नुसते ड्रम आणि बेस. आठ आवर्तनं तसंच राहू द्या. इथे नवीन माणूस घाईने काहीतरी करायला जातो आणि बिघडवतो. मग गिटारची एकच चाप इकोत फेका आणि लगेच तिसरा बंद. बेस काढायचा तर दोनच आवर्तनं, फार तर चार. जास्त वेळ काढलात तर तो परतण्याची ओढ विरून जाते, नुसतं रिकामं वाटतं. म्यूट मात्रेच्या किंचित आधी दाबा. उशीर झाला तर बेसच्या स्वराच्या मध्येच "टक" येतो. हे टाळण्यासाठी बेसला म्यूट न वापरता फेडर वापरा. टबीच्या मिक्सरचे सरकते फेडर हलके होते आणि त्याच्या हाताची बरीचशी सफाई त्यामुळे साधली.

उघड-बंद करताना ऑक्स नॉब फिरवणं अवघड जातं. चॅनेल मेनमधून काढायचं बटण असेल तर आवाज आणखी एका चॅनेलला द्या, ५ नंबरला. ते चॅनेल मेनमधून काढा, त्याचा ऑक्स पूर्ण उघडा, फेडर खाली. आता पाचव्याचा फेडर क्षणभर वर ढकलला की तेवढाच शब्द इकोत जातो. ड्रमच्या रिमशॉटसाठी (ड्रमच्या कडेवरचा काठीचा ठोका) सहावा असाच करता येईल.

टबीचं दुसरं हत्यार त्याच्या मिक्सरवरचा मोठा फिल्टर नॉब. ७० हर्ट्झपासून ७,५०० हर्ट्झपर्यंत टप्प्याटप्प्याने फिरणारा हाय-पास. तो फिरवला की ड्रम किंवा ब्रास खालून सोलत जातो, शेवटी फक्त झांजेची टोकं उरतात. टप्पे असल्यामुळे आवाज पायऱ्या चढल्यासारखा ऐकू येतो. तुमच्या मिक्सरचा लो-कट ८० किंवा १०० हर्ट्झला पक्का असेल, त्याने हे होणार नाही. लॅपटॉपवर ड्रमच्या ट्रॅकला दर सप्तकाला १८ डेसिबल उताराचा हाय-पास लावा आणि एका नॉबला जोडा. बेसच्या ट्रॅकवर मात्र हा लावू नका, पायाखालची जमीनच निघून जाते.

कृष्णाकाठची:
फार उपयोगी. चौथा_ट्रॅक, जोडणी कागदावर काढून घेतली. अजून एक विचारते. इथल्या एका भजनी मंडळाचं चार माईकवरचं रेकॉर्डिंग आहे: पखवाज, टाळ, पेटी, आवाज. शेवटी त्याचा डब करून दाखवला तर लोकांना जवळचं वाटेल. जमेल का? आणि दोन्ही बेसचे खोके स्टेजच्या डाव्या-उजव्या टोकाला ठेवायचं चाललंय, ते ठीक आहे ना? हॉल साधारण साडेआठ मीटर लांब आहे.

मिरजेची_तार:
कल्पना चांगली आहे, पण आहे त्या रेकॉर्डिंगवर जमणार नाही. चार माईक एकाच खोलीत एकाच वेळी चालू होते ना? मग टाळ चारही ट्रॅकवर आहेत. आवाज म्यूट केला तरी बुवा पखवाजाच्या माईकमधून ऐकू येणार. म्यूट केल्यावर खरी शांतता व्हायला हवी, आणि ती फक्त वेगवेगळ्या मुद्रित ट्रॅकवर मिळते. किंग्स्टनच्या स्टुडिओंतही ड्रमला आडोसा, बेस थेट तारेने आणि आवाज नंतर वेगळा असायचा.

नवीन मुद्रण करता आलं तर थर लावत जा. आधी पखवाज एकटा, वादकाच्या हेडफोनमध्ये पेटी. मग बेस गिटार (ती का हवी ते पुढे). मग पेटी. टाळ त्यानंतर, कारण ते सगळीकडे शिरतात. आवाज शेवटी. टेम्पो ७५ च्या जवळ धरा आणि तो सगळ्यांना हेडफोनमधून द्या.

दुसरी अडचण जास्त मोठी. भजनात बेसची चाल नसते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली की भरदार घुमारा येतो, पण तो एकाच जागी राहतो, सूर फिरत नाही. रेगेमध्ये बेस गिटार ही चालच असते. गाणं काढलं तरी बेसवरून ते ओळखू येतं, म्हणून आवाज काढणं परवडतं. तेव्हा बेस गिटारवाला घ्याच. बुवा काळी एकमध्ये गात असतील तर बेस गिटारवरचा षड्ज ६९ हर्ट्झला आणि खालचा पंचम ५२ हर्ट्झला पडतो. दोन्ही १८ इंची खोक्याला सहज झेपतात. त्याच्या खालचा षड्ज ३५ हर्ट्झला जातो, तो चार तारांच्या गिटारवर नाहीच, आणि असता तरी खोक्यातून नीट निघाला नसता. चार-पाच स्वरांची, मध्ये विश्रांती असलेली चाल बांधा आणि ती बदलू नका. वादकाला तान घ्यावीशी वाटली तरी घेऊ देऊ नका.

ठेक्याचंही बघा. रेगेच्या वन ड्रॉपमध्ये पहिली मात्रा मोकळी असते आणि ढोल-रिमशॉट तिसरीवर पडतात. भजनी ठेक्यात समेवर भार असतो. दर आवर्तनात सम काढत बसलात तर भजनी माणूस अस्वस्थ होईल. चार आवर्तनांतून एकदा समेवर पखवाज म्यूट करून बेस एकटा पडू द्या, परिणाम मिळतो. इकोत पाठवायला टाळाचा एखादाच ठोका आणि ध्रुवपदाचा शेवटचा शब्द उत्तम. पेटी किंवा तंबोरा इकोत देऊ नका. अखंड स्वराचा इको वेगळा ऐकू येत नाही, फक्त गढूळपणा वाढतो.

सातारी_बेस:
खोके डाव्या-उजव्या टोकाला ठेवू नका. ६० हर्ट्झची लहर जवळपास ५.७ मीटर लांब असते. दोन खोके दूर ठेवले की दोघांच्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात, तिथल्या खुर्च्यांवर बेस गायब. दोन्ही शेजारी-शेजारी, जमिनीवर, समोरच्या भिंतीला लागून ठेवा. दोन्हींची पोलॅरिटी सारखी आहे ना ते तपासा: एकच खोका लावून ऐका, मग दोन्ही. दोन्ही लावल्यावर बेस कमी झाला तर एकाची वायर उलटी आहे.

साडेआठ मीटर लांबीच्या खोलीत २०, ४० आणि ६० हर्ट्झच्या आसपास आवाज लांबीच्या दिशेने अडकून फिरतो. बरोबर मधोमध ६० चा खड्डा पडतो आणि ४० चा फुगवटा येतो. म्हणून मिक्सर हॉलच्या मध्यावर ठेवून बेस ठरवू नका, समोरच्या भिंतीपासून दोन-तृतीयांशावर ठेवा आणि मागची रांग भिंतीला चिकटवू नका. क्रॉसओव्हर (बेसचे खोके आणि टॉप यांच्यातली सीमा) १०० ते १२० हर्ट्झ, आणि ३५ च्या खालचं सगळं कापा. ते ऐकू येत नाही, फक्त कोन हलतो आणि ॲम्प्लिफायर तापतो.

पातळी ठरवताना चारही ट्रॅक चालू ठेवून बेससकट ठरवा. बेस म्यूट असताना आवाज कमी वाटतो म्हणून कुणीतरी मास्टर वाढवतं, आणि बेस परत आला की लिमिटर (जास्तीचा जोर दाबणारं यंत्र) आवळतो, झांजा दबतात, सगळं श्वास लागल्यासारखं होतं. डबमधला सगळ्यात मोठा क्षण या एका हाताने वाया जातो. साऊंडवाल्याला आधीच सांगा की मास्टरला हात लावायचा नाही. आणि रात्री दहाच्या आत आवरा, नियम आहे.

नॉर्थ_परेड:
रेकॉर्डचा क्रम: प्रत्येक वेळी आधी गाणं पूर्ण, मग त्याचा डब. नुसता डब वाजवलात तर काय काढलंय हेच लोकांना कळणार नाही.

पहिली जोडी जेकब मिलरचं 'बेबी आय लव्ह यू सो' आणि त्यावरचं ऑगस्टस पाब्लोचं 'किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन'. यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही. आवाजाचे तुकडे, ड्रमचे उधळलेले ठोके, पाब्लोची मेलोडिका (फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड), सगळं एकेक वेगळं ऐकू येतं. पेटीवाल्या शहरात मेलोडिकाला दाद मिळेल, दोन्हींत पातीच वाजते. मग १९७५ चा बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी' आणि पुढच्या वर्षी निघालेला त्याचा डब 'गार्वीज घोस्ट', यातली एकच जोडी. त्यानंतर मॅक्स रोमिओचं 'चेज द डेव्हिल' आणि ली पेरीच्या १९७६ च्या 'सुपर एप' मधलं 'क्रोकिंग लिझर्ड', तिथे त्याच रिडिमवर प्रिन्स जॅझबो बोलतो. टबीचा कोरडेपणा आणि पेरीचं धुकं यातला फरक इथे सांगा.

शेवटी सायंटिस्ट. टबीच्या घरात शिकलेला पोरगा, १९८१ चे त्याचे अल्बम चॅनेल वनच्या वाद्यवृंदावर आहेत. ठेका संथ, मोकळा, इको मोठा. हा टप्पा तिथे संपत आला होता. १९८५ मध्ये प्रिन्स जॅमीने कॅसिओच्या छोट्या कीबोर्डवरचा रिडिम बाजारात आणला. जॅमीही टबीकडेच तयार झालेला. त्या रिडिममध्ये काढून टाकण्यासारखं मुळातच फार काही नव्हतं. वाद्यवृंदाची टेप येणं थांबलं तसा त्या टेपवर हात चालवणाऱ्यांचा कामधंदाही आटला.

कृष्णाकाठची:
मनापासून आभार. बेस गिटारवाला शोधते आहे. शेवटचं एक: एका साऊंडवाल्याकडे जुन्या गिटार ॲम्प्लिफायरमधला स्प्रिंग रिव्हर्बचा टँक सुटा पडलाय. तो दुसऱ्या ऑक्सला जोडता येईल का? टबीकडे स्प्रिंगच होता असं वाचलंय.

चौथा_ट्रॅक:
हो, टबीकडे फिशरचा स्प्रिंग रिव्हर्ब होता आणि त्याने त्यात स्वतःचे बदल केले होते. डबमध्ये मध्येच वीज कोसळल्यासारखा कडकडाट ऐकू येतो, तो स्प्रिंगच्या पेटीला धक्का देऊन काढलेला असतो.

टँक थेट ऑक्सला जोडला तर बहुधा काहीच ऐकू येणार नाही. आधी मल्टिमीटरने इनपुटच्या दोन टोकांमध्ये रोध मोजा. एक-दोन ओहम आला तर तो ८ ओहमचा टँक आहे, त्याला ढकलायला छोटा ॲम्प्लिफायर लागतो, एक-दोन वॅट पुरे. पन्नास ओहमच्या वर आला तर आधी मिक्सरच्या हेडफोन आउटपुटवर करून बघा. टँकमधून बाहेर येणारा आवाज काही मिलिव्होल्टचाच असतो, त्यामुळे तो माईक इनपुटला द्या. फँटम पॉवर (माईकला मिक्सरकडून जाणारी वीज) मात्र बंद हवी. इनपुट आणि आउटपुट दोन्हींचे सॉकेट सारखेच दिसतात. उलटं जोडलंत तर नुसती बारीक किणकिण येते.

टँक फोमवर ठेवा, बेसच्या खोक्यांपासून जितका लांब तितका बरा. जवळ असला तर बेसने स्प्रिंग हलते, तो आवाज परत बेसमधून येतो आणि घूं सुरू होतं. ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासूनही हातभर दूर ठेवा, आउटपुटकडचं टोक तर नक्कीच, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण उचलतो. परत येणाऱ्या चॅनेलवर लो खाली आणि लो-कट चालू. धक्का द्यायचा तर बोटाच्या पेराने, बेस म्यूट असताना, आणि त्या चॅनेलचा फेडर निम्म्यावर ठेवून. फेडर पूर्ण वर असताना ठोकलंत तर टॉपचे ड्रायव्हर जाऊ शकतात.